दहावा गडी कोणाचा?

जानेवारी १९९९ च्या पहिल्या आठवड्यातल्या एका कडाक्याच्या रात्री काही शिवसैनिक दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानात शिरले आणि त्यांनी कसोटीसाठी तयार होत असलेली खेळपट्टी खणून टाकली. पाकिस्तानचा संघ बारा वर्षांनी भारतात कसोटी खेळायला येणार होता. मालिका दोनच सामन्यांची होती आणि पहिला सामना याच मैदानावर २८ जानेवारीला सुरू व्हायचा होता. १९९१ मध्ये मुंबईत वानखेडेची खेळपट्टी अशीच उखडली गेली होती आणि तेव्हा पाकिस्तानचा दौराच रद्द झाला. या वेळीही तसंच होणार, असं मानायला पुरेशी कारणं होती. जेमतेम आठ महिन्यांपूर्वी, मे १९९८ मध्ये, आधी पोखरणला आणि मग चगाईला अणुस्फोट झाले होते.

कोटल्यापासून पहाडगंज तीन-साडेतीन किलोमीटरवर. नवी दिल्ली स्टेशनचे रूळ ओलांडून अजमेरी गेटच्या बाजूला उतरायचं, आसफ अली रस्त्याने जुन्या तटाच्या कडेकडेने तुर्कमान गेटवरून दिल्ली गेटपर्यंत जायचं, की समोर मैदान. मेट्रो यायला अजून काही वर्षं होती. लोक चालत जायचे, नाहीतर बसने. थंडीतल्या कसोटीला दिल्लीकर जातो तो अर्धा सामना बघायला आणि अर्धा उन्हात बसायला. बरोबर संत्री, शेंगा, गजक आणि घडी करून काखोटीला मारलेली शाल असते. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी तेव्हा पानाच्या ठेल्यावरचा ट्रान्झिस्टर होता, टीव्हीच्या दुकानाची काच होती आणि मेन बझारातल्या स्वस्त हॉटेलांच्या काउंटरवरचे छोटे टीव्ही होते. पाठीला पिशवी लावून आलेले इस्रायली आणि युरोपीय पाहुणे त्या टीव्हीसमोरच्या गर्दीकडे बघून चकित व्हायचे, कारण चार-पाच दिवस चालणारा आणि तरीही अनिर्णित राहू शकणारा खेळ त्यांच्या हिशेबात बसत नसे.

या वस्तीचं पाकिस्तानशी नातं क्रिकेटच्याही आधीचं आहे. मोगल काळात पहाडगंज हा तटाबाहेरचा धान्याचा मोठा बाजार होता. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबं इथे स्थिरावली. मुलतानी ढांडा हे इथल्या एका मोहल्ल्याचं नावच पुरेसं बोलकं आहे. शेजारी आरामबागेत नूतन मराठी शाळा आहे आणि याच भागात बृहन्महाराष्ट्र भवन. दिल्लीत परीक्षेला, मुलाखतीला, मंत्रालयातल्या कामाला आलेला मराठी माणूस अनेकदा तिथेच उतरतो. सरकारी नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत आलेल्या आणि तिथेच राहिलेल्या मराठी कुटुंबांसाठी गणपती, नाटक आणि शाळा यांच्याइतकंच कोटला हेही भेटीचं ठिकाण राहिलं. ऑक्टोबर १९८३ मध्ये सुनील गावसकरांनी मार्शल-होल्डिंगच्या वेस्ट इंडीजविरुद्ध एकोणतिसावं शतक ठोकून ब्रॅडमनची बरोबरी केली ती इथेच. म्हणजे एका गल्लीत लाहोर-मुलतानच्या आठवणी आणि पलीकडच्या गल्लीत शिवाजी पार्कच्या. १९९९ च्या जानेवारीत हे दोन्ही शेजारी एकाच प्रश्नात अडकले होते: सामना होणार की नाही? मराठी माणसाची थोडी जास्तच अडचण होती. मुंबईत काही घडलं की दिल्लीच्या ऑफिसात जाब त्याला विचारला जातो. आता तर मुंबईचं आंदोलन थेट दिल्लीच्या मैदानात उतरलं होतं.

१९५२ ची ओळख

भारत-पाकिस्तान कसोटीचा इतिहासच कोटल्यावर सुरू होतो. फाळणीला पाच वर्षं झाली होती तेव्हा, १६ ऑक्टोबर १९५२ रोजी, पाकिस्तान आपल्या आयुष्यातली पहिली कसोटी खेळायला इथे उतरला. भारताचे कर्णधार लाला अमरनाथ लाहोरात वाढलेले. पाकिस्तानचे कर्णधार अब्दुल हफीझ कारदारही लाहोरचेच आणि १९४६ मध्ये ते भारताकडून इंग्लंडमध्ये खेळले होते. अमीर इलाहीही आधी भारताकडून कसोटी खेळलेले. सलामीला आलेला कोवळा यष्टिरक्षक हनीफ मोहम्मद मूळ जुनागढचा. रेषा नकाशावर ओढून झाली होती, पण माणसांची वाटणी इतकी स्वच्छ झालेली नव्हती.

त्या सामन्यात भारताचा नववा गडी २६३ वर पडला. पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी एका टोकाला उभे होते आणि दुसऱ्या टोकाला अकरावे फलंदाज, हैदराबादचे ऑफस्पिनर गुलाम अहमद आले. या जोडीने शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. अधिकारी नाबाद ८१, गुलाम अहमद ५०. मग विनू मांकडांनी पहिल्या डावात आठ आणि दुसऱ्यात पाच बळी घेऊन सामना तीन दिवसांत संपवला. भारत एक डाव आणि ७० धावांनी जिंकला. पुढच्याच लखनौ कसोटीत मात्र नझर मोहम्मदचं शतक आणि फझल महमूदचे बारा बळी यांनी पाकिस्तानने परतफेड केली.

तेव्हापासून या दोन संघांच्या सामन्यांवर बराच काळ पराभवाच्या भीतीची सावली राहिली. पुढच्या दोन मालिकांत, १९५४-५५ आणि १९६०-६१ मध्ये, दहाच्या दहा कसोट्या अनिर्णित सुटल्या. मग दोन युद्धं झाली आणि सतरा वर्षं एकही कसोटी झाली नाही. त्यामुळे १९९९ च्या दोन कसोट्यांकडे लोक मालिका म्हणून कमी आणि संधी म्हणून जास्त बघत होते. निदान तिकिटाच्या रांगेत उभे राहिलेले लोक तरी.

दोन रविवार

जानेवारीत घटना भराभर घडल्या. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारातल्या क्रिकेट नियामक मंडळाच्या कार्यालयाची मोडतोड झाली आणि १९८३ च्या विश्वचषकालाही त्यात इजा पोचली. ज्या चषकासाठी देश रस्त्यावर येऊन नाचला होता, त्याच चषकावर देशप्रेमाच्या नावाने हात पडला. केंद्रात वाजपेयींचं सरकार होतं आणि शिवसेना त्या सरकारात भागीदार होती. गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी मुंबईत बाळासाहेब ठाकरे यांना भेटले. त्यानंतर विरोध स्थगित झाल्याचं जाहीर झालं. पण दिल्लीची खेळपट्टी पुन्हा घडवायला वेळ हवा होता. म्हणून सामन्यांची अदलाबदल झाली. पहिली कसोटी चेन्नईला गेली आणि दिल्लीच्या वाट्याला ४ फेब्रुवारी ही तारीख आली.

चेन्नईचा सामना ज्यांनी बघितला त्यांना आजही ३१ जानेवारीचा रविवार नुसता उच्चारला तरी पुरतो. पाकिस्तान २३८, भारत २५४. दुसऱ्या डावात शाहिद आफ्रिदीने १४१ धावा ठोकल्या, पण व्यंकटेश प्रसादने एकही धाव न देता पाच गडी उडवले आणि पाकिस्तान २८६ वर आटोपला. भारताला जिंकायला २७१ हव्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी बघता बघता ५ बाद ८२ अशी अवस्था झाली. पहिल्या डावात शून्यावर गेलेला सचिन तेंडुलकर उभा होता आणि त्याच्या सोबतीला नयन मोंगिया.

त्या दोघांनी १३६ धावा जोडल्या. चेंडू वळत होता, सकलेन मुश्ताक बाहेर जाणाऱ्या 'दुसरा'ने फसवत होता, आणि सचिनची पाठ अशी दुखत होती की प्रत्येक फटक्यानंतर तो कमरेवर हात ठेवून वाकायचा. मोंगिया ५२ वर गेला. भारत २१८. सचिनने मग पाठीच्या दुखण्यावर एकच उपाय उरल्यासारखे मोठे फटके मारायला सुरुवात केली. धावसंख्या २५४ झाली. सतरा धावा हव्या होत्या आणि चार गडी हातात होते. सकलेनला उचलून मारताना चेंडू बॅटच्या मधोमध बसला नाही आणि वसीम अक्रमने झेल घेतला. २७३ चेंडूंत १३६. नंतरच्या तीन फलंदाजांनी मिळून चार धावांची भर घातली आणि भारत २५८ वर संपला. बारा धावांनी हार.

रविवार असल्यामुळे सगळे घरी होते. महाराष्ट्रात आणि दिल्लीत मराठी घरांतून त्या संध्याकाळी जी शांतता पसरली तिला सुतकाशिवाय दुसरा शब्द नव्हता. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात मनोहर जोशींच्या जागी नारायण राणे मुख्यमंत्री झाले, पण कट्ट्यांवरची चर्चा सचिनच्या त्या एका फटक्याभोवतीच फिरत राहिली.

चेन्नईच्या चेपॉक मैदानावर मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. हरलेल्या संघाचे प्रेक्षक काही वेळ सुन्न बसले, मग उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. वसीम अक्रमचा संघ मैदानाला फेरी मारू लागला तशा टाळ्या वाढत गेल्या. पाकिस्तानी खेळाडूंनी पुढे वर्षानुवर्षं त्या टाळ्यांची आठवण काढली. 'लोकभावना दुखावते' असं म्हणून ज्यांच्या वतीने खेळपट्टी खणली गेली होती, ते लोक प्रत्यक्षात कसे वागतात याचं उत्तर चेन्नईने दिलं होतं. आता दिल्लीची पाळी होती.

गारुडी आणि गुगली

कोटल्यावर बंदोबस्त असा होता की प्रेक्षकांच्या बरोबरीने गारुडीही बसवले होते. प्रेक्षकांत साप सोडण्याच्या धमक्या आल्या होत्या, त्यावर हा तोडगा. क्रिकेटच्या इतिहासात पुंगीवाल्यांची अधिकृत नेमणूक बहुधा एवढीच. खेळपट्टी घाईत दुरुस्त केलेली होती. चेंडू एकदा गुडघ्याखालून जाई, एकदा हातमोज्यावर उडे.

भारताने २५२ केल्या. मोहम्मद अझरुद्दीनने ६७, तर दुसरीच कसोटी खेळणाऱ्या सदागोपन रमेशने ६०. पाकिस्तान १७२. दुसऱ्या डावात रमेशचं शतक चार धावांनी हुकलं, सौरव गांगुली ६२ वर नाबाद राहिला आणि जवागल श्रीनाथने शेपटाकडून ४९ धावा काढल्या. भारत ३३९. सकलेनने दोन्ही सामन्यांच्या चारही डावांत पाच-पाच गडी घेतले, हा त्या मालिकेतला सर्वांत कमी बोलला गेलेला पराक्रम. पाकिस्तानपुढे ४२० चं आव्हान होतं. कसोटीत इतक्या धावा तोवर कोणीच पाठलाग करून काढलेल्या नव्हत्या.

७ फेब्रुवारी, पुन्हा रविवार. सकाळी सईद अन्वर आणि आफ्रिदी यांनी १०१ धावांची सलामी दिली. अनिल कुंबळेने फुटबॉल स्टेडियमच्या टोकाकडून सहा षटकं टाकली, २७ धावा दिल्या, गडी एकही नाही. चेन्नईच्या जखमेवर अजून खपली धरलेली नव्हती आणि पहाडगंजच्या ट्रान्झिस्टरांभोवती पुन्हा तोच जुना हिशेब सुरू झाला असणार: दिवस किती उरलाय, धावा किती उरल्यात, आणि आपल्या नशिबात काय लिहिलंय.

मग कुंबळेला टोक बदलून पॅव्हिलियनच्या बाजूने आणलं. आफ्रिदीच्या बॅटची कड लागली असं पंचांना वाटलं, आफ्रिदीला अजूनही तसं वाटत नाही, पण मोंगियाने झेल धरला होता. पुढच्याच चेंडूवर इजाज अहमद पायचीत. ११५ वर इंझमामचा त्रिफळा उडाला आणि लगेच युसूफ योहाना पायचीत. १२७ वर मोईन खान, १२८ वर ६९ धावांवर खेळत असलेला अन्वर. बिनबाद १०१ वरून ६ बाद १२८. सचिनने पुढे सांगितलं आहे की त्या दिवशी तो प्रत्येक षटकाआधी कुंबळेची टोपी आणि स्वेटर स्वतः पंचांकडे नेऊन देत होता, कारण असं केल्यावर एक गडी पडला होता. अंधश्रद्धा काय फक्त घरी टीव्हीसमोर जागा न बदलता बसणाऱ्यांचीच असते असं नाही.

इथपर्यंतचं नाट्य ओळखीचं होतं. सलीम मलिक आणि वसीम अक्रमने ५८ धावा जोडल्या आणि हुरहूर थोडी लांबली एवढंच. १८६ वर मलिकचा त्रिफळा उडाला तेव्हा सामना जिंकल्यात जमा होता. भारताने पाकिस्तानला कसोटीत यापूर्वी हरवलं होतं ते जानेवारी १९८० मध्ये, मद्रासला. एकोणीस वर्षांची प्रतीक्षा संपत आली होती. खरं तर लोकांनी आता निवांत व्हायला हवं होतं. पण नेमक्या त्याच वेळी सगळं स्टेडियम, सगळे टीव्ही आणि सगळे ट्रान्झिस्टर ताठ झाले. कारण सात गडी पडले होते आणि सातही एकाच माणसाने घेतले होते.

१९८ वर मुश्ताक अहमद गेला, आणि पुढच्याच चेंडूवर सकलेन. नऊ. डावातले दहाही गडी एकाच गोलंदाजाने घेणं हे कसोटीत तोवर फक्त जिम लेकरने केलेलं होतं, ३१ जुलै १९५६ रोजी, मँचेस्टरला. लेकरची ती संध्याकाळ लहानपणी प्रत्यक्ष पाहिलेला एक इंग्रज गृहस्थ कामानिमित्त दिल्लीत आला होता आणि त्या दिवशी कोटल्यावर हजर होता. असा योग दोनदा लाभलेली व्यक्ती जगात विरळाच.

आता दुसऱ्या टोकाकडून श्रीनाथचं षटक होतं. आणि इथे क्रिकेटच्या प्रेक्षकाने आपल्या आयुष्यातली सर्वांत उलटी प्रार्थना केली: गडी पडू नये. पाकिस्तानचा शेवटचा गडी, तोही आपल्या सर्वांत वेगवान गोलंदाजाकडून, पडू नये! श्रीनाथने मुद्दाम यष्टीपासून दूर, फलंदाजाच्या आवाक्याबाहेर चेंडू टाकले. वकार युनूसने मारलेला एक चेंडू हवेत उडाला आणि रमेश झेल घ्यायला धावला तेव्हा सहकारी त्याच्यावर ओरडले, अशी हकीकत पुढे खेळाडूंनीच सांगितली. पलीकडच्या गोटातही हाच विचार चालू होता. वसीम अक्रमने नंतर सांगितल्याप्रमाणे, कुंबळेला दहावा बळी मिळू नये म्हणून आपण धावबाद होऊया, असं वकारने सुचवलं होतं. वसीमने ते मानलं नाही आणि आपली विकेट मी त्याला देणार नाही, असा दिलासा दिला.

पुढच्या षटकात, कुंबळेच्या सत्ताविसाव्या षटकाच्या तिसऱ्या चेंडूवर, वसीमच्याच बॅटला लागून चेंडू शॉर्ट लेगला लक्ष्मणच्या हातात विसावला. पाकिस्तान २०७. भारत २१२ धावांनी विजयी. कुंबळे: २६.३ षटकं, ९ निर्धाव, ७४ धावा, १० बळी.

कानपूरचा नववा

मराठी वाचकाला यावर कानपूर आठवल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर १९५८ मध्ये ग्रीन पार्कवर मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनी वेस्ट इंडीजच्या पहिल्या डावात १०२ धावांत नऊ गडी घेतले होते. लेगस्पिनवर गुप्त्यांची जी हुकूमत होती ती पाहून खुद्द गॅरी सोबर्सनी त्यांना शेन वॉर्नच्याही वर ठेवलं. पण उरलेला एक गडी, लान्स गिब्ज, पुण्याच्या वसंत रांजणे यांनी त्रिफळाचीत केला. रांजण्यांची ती पहिलीच कसोटी होती. नव्या गोलंदाजाने मिळालेला चेंडू सरळ टाकावा आणि गडी घ्यावा, यात गैर ते काय? त्या दिवशी कोणी त्यांना बाहेर टाक म्हणून सांगितलं नाही आणि सांगायला हवं होतं असंही कोणाला वाटलं नाही. मँचेस्टरलाही लेकरच्या विक्रमासाठी टोनी लॉकने हात आखडता घेतला नव्हता. तो उलट चिडून अधिकच जोर लावत होता आणि तरीही त्याला संपूर्ण सामन्यात एकच गडी मिळाला.

मग १९९९ मध्ये काय बदललं होतं? मधल्या चाळीस वर्षांत आकडा हाच प्रेक्षकांचा देव झाला होता, हे एक उत्तर. गावसकरांच्या दहा हजार धावा आणि कपिल देवच्या ४३२ बळींची उलटी गणती लोकांनी चौकाचौकांत केली होती. पण दुसरंही उत्तर आहे आणि ते मला अधिक पटतं. सामना जिंकल्याची खात्री होती म्हणून लोकांना विक्रमाची चैन करता आली. चेन्नईतल्या त्या सतरा धावांच्या वेळी कुणी विक्रमाचा विचार केला नव्हता. तिथे हवा होता तो निकाल. दिल्लीत निकाल पदरात पडला होता आणि लोकांनी आपणहून आपल्यासाठी नवी घालमेल शोधून काढली. क्रिकेटवेड्या माणसाला ताण नको असतो असं मानणाऱ्यांना हा खेळ कळलेलाच नाही. त्याला हवा असतो ताणच, फक्त त्याची सुटका आपल्या बाजूने व्हावी एवढी त्याची माफक अपेक्षा असते.

कोलकात्याची काळी बाजू

गोष्ट कोटल्यावर संपवली असती तर प्रेक्षकांचं कौतुक करून मोकळं होता आलं असतं. पण याच दोन संघांनी नऊ दिवसांनी कोलकात्यात, ईडन गार्डनवर, आशियाई कसोटी अजिंक्यपदाचा सामना खेळला. चौथ्या दिवशी सचिन तिसऱ्या धावेसाठी परतत असताना शोएब अख्तरला धडकला आणि सीमारेषेवरून आलेला फेकीचा चेंडू थेट यष्टीवर लागून धावबाद झाला. ईडन खवळलं, मैदानात बाटल्या पडू लागल्या. सचिन आणि क्रिकेट प्रशासक जगमोहन दालमिया यांनी मैदानाला फेरी मारून लोकांना शांत केलं, पण पाचव्या दिवशी पुन्हा तेच झालं आणि पोलिसांनी सगळे स्टँड रिकामे केले. श्रीनाथच्या तेरा बळींच्या त्या सामन्यात शेवटचा गडी पडला तेव्हा बघायला प्रेक्षकच उरले नव्हते. पाकिस्तान ४६ धावांनी जिंकला.

त्या दिवशी तारीख होती २० फेब्रुवारी १९९९. त्याच दिवशी वाजपेयींची बस वाघा ओलांडून लाहोरला पोचली. तीन महिन्यांनी कारगिल पेटलं.

म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांत एकाच देशाच्या प्रेक्षकांनी तीन रूपं दाखवली: चेन्नईत हरल्यावर उभं राहून टाळ्या, दिल्लीत जिंकताना गडी न पडण्यासाठी प्रार्थना, कोलकात्यात अन्याय झाला असं वाटताच दगड-बाटल्या. लोकभावना नावाची एकजिनसी वस्तू कुठेही नव्हती. त्या त्या दिवशी, त्या त्या मैदानावर, समोर काय घडतंय यावरून ती बनत होती आणि मोडत होती. जे लोक तिच्या नावाने आधीच निर्णय घेऊन टाकतात, मग ते खेळपट्टी खणणारे असोत की मैत्रीचे सोहळे मांडणारे, ते तिला विचारायलाच विसरतात.

पाच दिवस

नोव्हेंबर २००७ मध्ये पाकिस्तान पुन्हा कोटल्यावर कसोटी खेळला. या वेळी भारताचा कर्णधार होता अनिल कुंबळे, कर्णधार म्हणून त्याची पहिलीच कसोटी. भारत सहा गड्यांनी जिंकला आणि सामनावीर कुंबळेच ठरला. पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर २००८ रोजी, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात याच मैदानावर त्याने निवृत्ती जाहीर केली. २०२१ च्या डिसेंबरात न्यूझीलंडच्या एजाझ पटेलने वानखेडेवर भारताचे दहाही गडी घेतले. हा मुंबईतच जन्मलेला, लहानपणी आईवडिलांबरोबर परदेशी गेलेला मुलगा. मुंबईकरांनी आपला संघ बाद होत असताना त्याला भरभरून दाद दिली. चेपॉकची आठवण यावी अशीच ती दाद होती.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात मात्र डिसेंबर २००७ च्या बंगळुरू सामन्यानंतर एकही कसोटी झालेली नाही. त्यानंतर जन्मलेली मुलं आता कॉलेजात जाऊ लागली आहेत. त्यांना हे दोन संघ माहीत आहेत ते एका संध्याकाळच्या सामन्यातून, दुबईच्या नाहीतर अहमदाबादच्या दिव्यांखाली, घोषणा आणि जाहिरातींच्या गदारोळात. त्या तीन तासांत समोरच्याचा विजय किंवा पराभव दिसतो. त्याचा खेळ समजायला वेळच नसतो. पाच दिवसांच्या कसोटीत सकलेनचा 'दुसरा' कसा निघतो हे कळायला एक दिवस लागतो, वसीमचा जुना चेंडू कसा वळतो हे कळायला दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी पानाच्या ठेल्यावर उभा असलेला माणूस नाराजीनेच का होईना, पण म्हणतो की हा गोलंदाज मात्र आहे हं! चेन्नईच्या टाळ्या अशा सावकाश कमावलेल्या ओळखीतून आल्या होत्या.

राजकारण्यांना कसोटी परवडत नाही, कारण पाच दिवस म्हणजे पाच दिवसांचा धोका. प्रसारकांना परवडत नाही, कारण तिसऱ्या दिवशीच्या दुपारी जाहिरात कोण बघणार? परवडत होती ती आसफ अली रस्त्याने चालत मैदानाकडे जाणाऱ्या माणसाला, कारण त्याच्याकडे शाल होती, शेंगा होत्या आणि रविवार होता. या दोन देशांत पुन्हा कसोटी होईल तेव्हा निर्णय वरच्या कुठल्यातरी दालनात होईल. पण ती कसोटी कशी झाली, हे ठरवण्याचा अधिकार त्या माणसाकडेच राहील.